भिंतीपल्याडची गिरणी

आधी गिरणीवाल्या मावशींचं सांगतो, पायाचं मागून. पायाचं सांगायला लागलो की लोक पायाकडंच बघत बसतात आणि मावशी बाजूला राहतात. लातुरात त्यांच्या पिठाच्या गिरणीला लागून मागं एक पत्र्याची खोली आहे, तिथं मी भाड्यानं राहतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्याही नाहीत. माझं गाव किनवटच्या पुढं जंगलाच्या कडेला, तिकडं त्या कधी आलेल्या नाहीत. तरी पाय लांब करायचं दुखणं मी ज्या महिन्यांत भोगलं, त्या महिन्यांत मला झोप मिळाली ती या बाईमुळं. आधी गेली होती तीही त्यांच्यामुळंच, पण त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कसं ते सांगतो.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे. आश्रमशाळेत असताना डाव्या नडगीच्या हाडात पू झाला. पाय कसाबसा वाचला, पण वाढायचा थांबला. उजवा वाढत राहिला. मोठा होईस्तोवर दोघांत चार बोटांचा फरक पडला. त्या आजारपणात वर्गात मागं पडलो आणि मग गेलोच नाही. गावाकडच्या एकानं लातूरच्या डाळमिलमध्ये लावून दिलं. भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायचं काम, खाली बसून. बहुतेक रात्रपाळी असायची. सकाळी खोलीवर यायचं, भाकरी खायची आणि दुपार टळेपर्यंत झोपायचं.

मशीनवरचं काम मात्र उभ्याचं. ते मला पाहिजे होतं. पोती शिवणारा माणूस कधीही बदलता येतो, मशीन चालवणारा बदलत नाहीत. मिलमधला मिस्त्री म्हणायचा, "दोन्ही पाय सारखे करून आण, उद्या उभा करतो तुला." तो थट्टा करायचा. मी मनावर घेतलं.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. नडगीचं हाड मुद्दाम कापायचं, पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा बसवायचा, कड्यांतून तारा हाडाच्या आरपार घालायच्या. मग कड्यांमधले नट पाव पाव फेरा फिरवत कापलेली टोकं रोज केसभर लांब सरकवायची. मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. डॉक्टरांनी छोटा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हे काम तुमचं. दिवसातून चार वेळा. माझा पाय मीच वाढवायचा, असं म्हणा ना.

माय ऑपरेशनला आली होती, पण कापसाची वेचणी तोंडावर आल्यावर तिला जावं लागलं. जाताना रडली. नंतर रोज फोनवर एकच विचारायची.

"जुळलं का रे हाड?"

"माय, एवढ्यात जुळू द्यायचं नाही. लांब करून राहिलो ना."

"असं कसं? मोडलेलं हाड जुळू नाही द्यायचं? कोण डॉक्टर हाय तो?"

आणि नांदेडला येणाऱ्या एका माणसाच्या हाती तिनं जंगलातल्या कांडवेलीची गड्डीच्या गड्डी पाठवली. आमच्याकडं हाड मोडलं की तिची चटणी खायला घालतात, लवकर जुळावं म्हणून. मी भीतीनं हात लावला नाही. नांदेडहून एसटीनं ती लातूरला पोचेपर्यंत सुकायला लागली होती, तशीच कोपऱ्यात पडून राहिली. मला स्वप्नात, म्हणजे झोप लागली असती तर स्वप्नात, दिसायचं की हाड आतल्या आत जुळून गेलं आणि नट फिरेना.

झोप लागत नव्हती. हे कसं सांगावं कळत नाही. दुखणं ज्यांनी पाहिलंय त्यांना वाटतं कापलेली जागा दुखत असेल. ती नव्हती इतकी दुखत. दुखायची पोटरी, ओढून ओढून ताणलेली, दोरीवर पिळून टाकलेल्या ओल्या धोतरासारखी. आणि तळव्याला मुंग्या, पण चावणाऱ्या. कुशीवर होता येत नव्हतं, पालथं पडायचा तर प्रश्नच नाही. उताणं पडायचं आणि पत्रा बघायचा. पांघरूण घेतलं की ते कड्यांवर तंबूसारखं उभं राहायचं आणि आत गार वारा शिरायचा. वाकळीचा एक धागा तारेला अडकला की टाळूपर्यंत कळ जायची. गोळी घेतली की घटकाभर गुंगी यायची, पण ती झोप नव्हे. डोळे मिटलेले आणि आतून माणूस टक्क जागा.

त्यात माझा स्वभाव. नट फिरवला का? फिरवला. कोणत्या बाजूला फिरवला? उजवीकडं की डावीकडं? उलटा तर फिरला नाही? उलटा फिरला असेल तर कालचं सगळं आज मागं गेलं. उठून बसायचं, बॅटरी लावून नटावरची खूण बघायची, पुन्हा आडवं व्हायचं आणि पुन्हा वाटायचं की बॅटरीच्या उजेडात चुकीची खूण पाहिली.

आता मावशींचं. मी दवाखान्यातून पिंजरा घेऊन रिक्षातून उतरलो तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. मग गिरणीपाशी जाऊन मोटर बंद केली. गिऱ्हाइकाचं दळण अर्धं आत, अर्धं बाहेर, तशी.

"आजपासून दुपारची गिरणी बंद," म्हणाल्या. "आजारी माणसाच्या कानाशी घरघर नको."

आमच्याकडं आजारी माणसाचं आणि बाळंतिणीचं असंच असतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, भांडं आपटत नाही. मावशींनी ते अख्ख्या गल्लीला लावलं. सकाळी थोडं दळायच्या, संध्याकाळी थोडं, आणि मधला सगळा वेळ मला झोपायला मोकळा ठेवायच्या. दळण घेऊन दुपारी कुणी आलंच तर डबा ठेवून घ्यायच्या. कुणी बोलायला लागलं की ओठावर बोट.

"ए माय, हळू बोल की. आत पेशंट हाय."

"झोपली का बाळंतीण?" ती बाई कुजबुजून विचारायची.

"कुठली झोपतेय. पत्रे मोजायलीय."

मला हे सगळं ऐकू यायचं, कारण दुसरं काही ऐकू येतच नव्हतं. चारच्या सुमाराला मावशी चहा घेऊन यायच्या, दारातूनच विचारायच्या.

"लागला का डोळा?"

"नाही मावशी."

"कामून न्हाई?"

"काय माहीत. जागून राहिलो नुसता."

मी तिकडचं 'राहिलो राहिलो' बोलायला लागलो की त्यांना एरवी हसू यायचं. आता यायचं नाही. त्या विचारात पडायच्या आणि शांतता आणखी वाढवायच्या. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पिटाळलं. दूधवाल्याला हॉर्न वाजवायची बंदी केली. शेजारच्या काकूंना सांगितलं, कुकर सकाळीच लावत जा. काकू म्हणाल्या, "आता वरणाला बी तुझी परवानगी घेऊ का?" पण लावायच्या सकाळीच. शेवटी शेवटी मावशी चपला हातात घेऊन माझ्या दारावरून जायच्या. एकदा म्हणाल्या, "आता तर कुत्रं बी भुंकंना झालंय, आणखी काय बंद करू सांग."

मला लाज वाटायची. एवढी माणसं माझ्यासाठी गप्प बसली आहेत आणि मी झोपत नाही, म्हणजे मीच कुठंतरी कमी पडतोय. त्या लाजेनं तर उरलेलीही झोप उडायची. त्या शांततेत पोटरीतलं ठसठसणं मला ऐकू येतंय असं वाटायचं. तारा हाडात शिरतात त्या जागा मी मनात एकेक करून मोजायचो.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टर तरुण होते, बोलायचे हळू, पण गोड बोलून गोष्ट लपवायचे नाहीत. त्यांनी माझ्या तळव्याला हात लावला आणि पाऊल वर ढकलून बघितलं. ते वर येईना. घोट्यातून पाऊल खाली झुकलं होतं, चवड्यावर उभ्या असलेल्या माणसासारखं. टाच हवेत.

"हाड वाढतंय, पण शीर वाढत नाहीये," ते म्हणाले. "व्यायाम करताय का?"

"करतो साहेब."

"किती?"

पट्टा पावलात अडकवून अंगाकडं ओढायचा, तो मी दोनदा ओढायचो आणि सोडून द्यायचो. मग वॉकरला धरून उभं राहून टाच जमिनीला दाबायची, तिथंही तेच. झोप नसलेल्या अंगाला साधा वारा लागला तरी दुखतं. ओढायला बळ कुठून आणू?

"पुढच्या वेळी टाच टेकली नाही तर फेरे थांबवावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "जितका लांब झाला तितका. पाय लांब आणि पाऊल वाकडं, असं मला करायचं नाही."

म्हणजे अर्ध्यावर. दोन बोटं वाढला होता, दोन बाकी होती. दोन बोटं कमी असलेल्या माणसाला मिस्त्री मशीनवर उभा करत नाही. एवढं सगळं सोसून मी पुन्हा खाली बसून पोती शिवणार होतो. मावशींना सांगितलं तेव्हा त्या माझ्या शेजारी खाटेवर बसल्या.

"झोप लागली की ताकद येईल," म्हणाल्या. "झोपेचंच बघावं लागतंय."

आणि नेमकी दिवाळी आली. दिवाळीच्या आधी गल्लीत भाजणी निघते. तांदूळ, डाळी, धणे भाजून बाया डबे घेऊन येतात आणि सगळ्यांना एकाच दिवशी दळून पाहिजे असतं. सकाळ-संध्याकाळच्या तेवढ्या वेळात ते होणं शक्यच नव्हतं. मावशींनी दोन दिवस रेटून नेलं. तिसऱ्या दिवशी गिरणीपुढं डब्यांची रांग लागली आणि एका बाईनं कुजबुजणं सोडून सरळ आवाज चढवला.

"मावशे, तुझी बाळंतीण हाय म्हणून आम्ही चकल्या करायच्या न्हाईत का?"

मावशी माझ्याकडं आल्या. चेहरा असा, जसा काही मला मारायलाच आल्यात.

"लेकरा, आज दिवसभर गिरणीचा पट्टा चढवावा लागतंय बघ. दिवाळी हाय. ड्रेसिंगचा कापूस हाय का? घाल कानात."

मी हो म्हणालो. कापूस हातात घेऊन बसलो. भिंतीपल्याड मोटर सुरू झाली, पट्ट्यानं दोन फटके दिले आणि गिरणीनं सूर धरला. भिंत हलकी थरथरली. खाटेची फळी थरथरली. भाजलेल्या धण्यांचा वास आत आला.

पुढचं मला माहीत नाही.

मला जाग आली ती एकदम, कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखी. गिरणी थांबली होती. मावशी माझा खांदा धरून हलवत होत्या. तोंड पिठानं पांढरं आणि डोळे मोठे.

"काय रे? काय झालं? हाक मारून मारून दमले, शुद्ध हाय का न्हाई तुला?"

बाहेर दिवेलागण झाली होती. कापूस माझ्या मुठीतच होता.

"मावशी," मी म्हणालो, "गिरणी कामून बंद केली?"

"दोनच डबे राहिलेत. म्हटलं बघून यावं तू जिता हाईस का. उठ, नट फिरवायची वेळ टळली असंल."

मी उठून नट फिरवला. त्या गेल्या, उरलेल्या डब्यांसाठी पुन्हा पट्टा चढवला. काकूंनी माझ्यासाठी ताट आणलं होतं. त्या मला काहीतरी विचारत होत्या, आणि मी हो की नाही म्हणता म्हणता भिंतीला टेकून पुन्हा गेलो. घास हातात. काकूंनी जाऊन मावशींना बोलावलं आणि दोघी दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दळण संपलं म्हणून मावशी मोटर बंद करून परत दारात आल्या, आणि घरघर विरली तसे माझे डोळे उघडले. तेव्हा मात्र मावशींना उमगलं, कारण बंद करणाऱ्या त्याच होत्या आणि डोळे उघडताना बघणाऱ्याही त्याच.

बरोबरच होतं. इतकी वर्षं मी दिवसा याच खोलीत, याच भिंतीला पाय लावून, गिरणीच्या घरघरीत झोपत आलो होतो. आणि रात्री डाळमिलच्या आवाजात जागायचो. गावाकडून आलो तेव्हा आवाजानं पहिले काही दिवस डोकं उठलं असेल, नंतर ते कधी अंगवळणी पडलं कळलंही नाही. असताना कळलं नाही आणि गेल्यावरही कळलं नाही. पिंजरा दिसत होता, म्हणून सगळा दोष त्यालाच दिला.

सकाळी मावशींनी मला फैलावर घेतलं.

"महिनाभर मी गल्लीची तोंडं शिवली. चपला हातात घेऊन हिंडले चोरासारखी. आन् याला घरघर पाहिजे होती. सांगायचंस की."

"मला तरी कुठं माहीत होतं मावशी. मी तर जागून राहिलो होतो."

"जागून राहिलो म्हणे. मी कुकर बंद केले रे लोकांचे."

काकू पलीकडून म्हणाल्या, "मग आता लावू का दुपारचा?"

"लाव. दोन लाव."

पण दिवाळी संपली की दळण कमी होतं, आणि रिकामी गिरणी चालवता येत नाही. मध्ये धान्य नसलं तर दगडाला दगड घासतो आणि दोन्ही वाया जातात. मावशींनी त्यावर उपाय काढला. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, सकाळी डबे आणून ठेवा, संध्याकाळी पीठ घेऊन जा. दळण सगळं दुपारी. आणि माझ्यापुढं अट ठेवली. पट्टा अडकवून बसायचं, त्या समोर उभ्या राहणार, मी पाऊल ओढणार. मग वॉकरला धरून उभं राहायचं आणि टाच दाबायची.

"आधी टाच, मग पट्टा," म्हणायच्या. त्यांचा पट्टा वेगळा, माझा वेगळा.

मी कळवळायचो. त्या ढिल्या पडायच्या नाहीत.

"आणखी एकदा."

"नाही होत मावशी."

"मग बस जागत. मला काय, ज्वारी संध्याकाळी बी दळंल."

मी पुन्हा ओढायचो. घाम कानामागून गळ्यात यायचा. मग त्या वळायच्या, मोटर लावायच्या, आणि मी खाटेवर पडून भिंतीला उजवा तळवा टेकवायचो. दुखणं गेलं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. ते तेवढंच होतं. पण गिरणीच्या आवाजात ते बाकीच्यांतलं एक व्हायचं, एकटंच माझ्यापुढं उभं नसायचं. ज्वारी असली की आवाज जड यायचा, हरभऱ्याची डाळ असली की दाणे वरून तडतडायचे. गहू मला सगळ्यात चांगला, त्याला लवकर डोळा लागायचा. रात्रीची झोप तरीही नीट नव्हतीच. पण दुपारी तीन-चार तास पोटात पडले की रात्रीला तोंड देता यायचं.

पुढच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी मला उभं केलं. वाकून माझ्या टाचेखाली कागद सरकवून बघितला. कागद जाईना. त्यांनी पुन्हा बघितलं.

"काय केलंत?"

गिरणीचं सांगायचं तर फार मागून सुरू करावं लागलं असतं.

"झोपलो साहेब," एवढंच म्हणालो.

ते हसले. म्हणाले, फेरे चालू ठेवा.

आता फेरे संपून बरेच महिने झाले आहेत. पाय बरोबरीला आला आहे, आणि नवीन हाड पक्कं होईपर्यंत पिंजरा अजून आहे. तो निघेल तेव्हा काय होईल याची काळजी आहेच. हाड कच्चं राहिलं तर, मिस्त्रीनं दुसरा माणूस लावला असला तर. माझ्यासारख्याला काळजीला कारण लागत नाही. पण परवा काकूंच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली, ती या सगळ्यापेक्षा जास्त टोचते आहे. मावशींनी गिरणी बंद ठेवली त्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या नव्या गिरणीला लागली. ती परत आली नाहीत. मावशींनी मला हे कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे, त्यांची ज्वारी किडकीच असायची."

त्यामुळंच आता त्या एक दिवसही गिरणी बंद ठेवत नाहीत. उरलेली गिऱ्हाइकं जातील म्हणून. रेणापूरला त्यांची म्हातारी आई आहे, भावाकडं. नागपंचमीला आमच्याकडं बायका माहेरी जातात, झोके बांधतात, चार दिवस राहतात. मावशी यंदा सकाळच्या गाडीनं गेल्या आणि दुपारच्या दळणाला परत आल्या. पदराला पुरणाचा वास येत होता, आणि तशाच त्यांनी पट्टा चढवला.

मावशी, तुमच्यापुढं मला हे बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितो. पिंजरा निघू द्या. डॉक्टरांना 'उभे राहा' म्हणू द्या. दगड किती जवळ घ्यायचे, कोणत्या धान्याला किती, ते मी भिंतीपल्याडून ऐकून अर्धं शिकलो आहे, अर्धं तुम्ही शिकवा. मग पंचमीला तुम्ही रेणापूरला जा, आईजवळ चार दिवस राहा. गिरणी एक दिवसही बंद राहणार नाही. मी उभा राहीन तिथं. येत्या पंचमीला नाही जमलं तर तिच्या पुढच्या पंचमीला, पण राहीन.